समुद्रकाठचं पाइनबन आणि आपला तंबू



तत्त्वज्ञानाच्या माणसाला इतिहासाच्या व्याख्यानाला बोलावलं की तो व्याख्येपासून सुरुवात करतो, असा एक समज आहे. मी आज यादीपासून करणार आहे.

माझी पुतणी फ्रान्समध्ये तुलूझ या शहरी असते. तिनं ठरवलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन अटलांटिकच्या काठी पाइनच्या जंगलात चार दिवस तंबूत राहायचं. मुलगी हुशार, कामाला चोख. तिनं यादी केली आणि मला पाठवली. तंबू, खुंट्या, हातोडी, अंथरायच्या सतरंज्या, झोपायच्या पिशव्या, गॅसची लहान शेगडी, पाण्याचे कॅन, टॉर्च, डासांचं मलम, पोहे, मेतकूट. शेवटी लिहिलं होतं : ‘रात्री शेकोटी, मक्याची कणसं.’ आणि खाली प्रश्न : ‘काका, काही राहिलंय का?’

मी यादी दोनदा वाचली. राहिलेलं फारसं काही नव्हतं. एक गोष्ट मात्र काढायला हवी होती. ती म्हणजे शेकोटी. ती का काढायची हे फोनवर सांगायला लागलो, तर दोनशे वर्षं मागे जावं लागलं. ती म्हणाली, “काका, हे तुम्ही एकदा व्याख्यानातच सांगा.” (हशा) तेव्हा आजचं व्याख्यान म्हणजे त्या फोनचा उत्तरार्ध आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो शहर आहे. तिथून खाली स्पेनच्या दिशेनं निघालं, की एक मोठा सपाट त्रिकोण लागतो. त्याची एक बाजू म्हणजे सरळसोट समुद्रकिनारा. या प्रदेशाला ‘लांद’ म्हणतात. तिथे आज सुमारे १० लाख हेक्टरांवर जंगल आहे आणि त्यातलं मुख्य झाड एकच, सागरी पाइन. उंच, जाड फुटलेल्या सालीचं, वरती छत्री धरल्यासारखं. खाली वाळू, वाळूवर वाळलेल्या सुयांचा थर, हवेत राळेचा वास आणि पलीकडे लाटांचा आवाज. तंबू ठोकायला याहून चांगली जागा कुठली?

पुतणी म्हणाली, “इतकं मोठं नैसर्गिक जंगल युरोपात आता राहिलंय कुठे!” इथेच पहिली गंमत आहे. थोडं विमानातून खाली बघा. झाडं ओळीत उभी आहेत. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. चर सरळ आहेत. पश्चिम युरोपातलं हे माणसानं लावलेलं सर्वांत मोठं जंगल आहे. आपण जिथे योजनेतून सुटका मिळावी म्हणून जातो, ती जागाच एक योजना आहे.

मग त्याआधी तिथे काय होतं? ‘लांद’ या शब्दाचा अर्थच मुळी माळ, पडीक रान. अठराव्या शतकात तुम्ही तिथे गेला असतात, तर आतल्या भागात झाडं तुरळक दिसली असती. बाकी क्षितिजापर्यंत गवत, काटेरी झुडपं आणि पाणी. या वाळूच्या खाली लोहामुळे घट्ट झालेला, दगडासारखा एक थर आहे. त्यातून पाणी खाली मुरत नाही, आणि जमीन इतकी सपाट की ते वाहूनही जात नाही. हिवाळ्यात सगळा प्रदेश पाणथळ, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत.

अशा जागी राहणाऱ्या लोकांनी एक युक्ती काढली होती. ते काठ्यांवर चालत. आपल्याकडे पोळ्याच्या सुमारास विदर्भातली मुलं मारबत बघतात, गेड्यांवर चढतात, तशा गेड्या. फरक इतकाच, की लांदमधले मेंढपाळ पायाला गेड्या बांधून अख्खा दिवस काढत. चिखल, काटे, पाणी यांतून चालता येई आणि उंचावरून कळप दिसे. पाठीला टेकायला तिसरी काठी. टेकून उभे राहत आणि तसेच विणत बसत. ‘बसत’ कसलं, उभेच! पॅरिसहून येणारे प्रवासी हे बघून थक्क होत आणि घरी जाऊन लिहीत, की तिकडे अर्धवट रानटी लोक राहतात.

पण या व्यवस्थेला तिचं स्वतःचं गणित होतं, ते प्रवाशांना दिसलं नाही. मेंढी पाळायची ती मुख्यतः खतासाठी. माळ विस्तीर्ण आणि गावाच्या सामाईक मालकीचा. मेंढ्या दिवसभर तिथे चरत, रात्री गोठ्यात येत, त्यांचं लेंडीखत घराजवळच्या छोट्या शेतात जाई आणि त्या वाळूत राय नावाचं धान्य पिके. माळ गेला तर मेंढी गेली, मेंढी गेली तर खत गेलं, खत गेलं तर भाकरी गेली. आणि ठरावीक काळानं हे लोक माळाला आग लावत, म्हणजे कोवळं गवत फुटावं. आग हे त्यांचं अवजार होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता किनाऱ्याकडे वळू. तिथे प्रश्न वेगळा होता. समुद्र वाळू आणून टाकी आणि पश्चिमेचा वारा ती आत ढकली. वाळूचे डोंगर दरवर्षी थोडे थोडे पुढे सरकत. शेतं गाडली गेली, ओढ्यांची तोंडं बुजून तळी झाली. सुलाक नावाच्या गावचं जुनं चर्च अठराव्या शतकात वाळूखाली गेलं आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा उकरून काढावं लागलं.

या वाळूला थांबवण्याचं श्रेय ब्रेमोंतिए या सरकारी अभियंत्याला दिलं जातं. १७८७ साली आर्काशोंच्या उपसागराजवळ ला तेस्त इथे त्यांनी मोठ्या प्रमाणावर पेरणी सुरू केली. ‘दिलं जातं’ असं मी मुद्दाम म्हणतो, कारण त्यांच्याआधी स्थानिक मंडळींनी, त्यात देबिए नावाच्या पाद्र्यांनी आणि त्यांच्या बंधूंनी, हे करून पाहिलं होतं. सरकारी कागदावर ज्याची सही, त्याचं नाव इतिहासात राहतं. हे काही फ्रान्सपुरतंच नाही.

पद्धत मोठी शहाणपणाची होती. नुसतं पाइनचं बी वाळूत टाकलं तर वारा ते उडवतो किंवा गाडतो. म्हणून पाइनबरोबर काटेरी झुडपांचं बी टाकायचं आणि वरून फांद्यांचं पांघरूण घालायचं. झुडूप आधी उगवतं, पाइनच्या रोपाला आडोसा देतं, आणि पाइन मोठा झाला की स्वतः मागे पडतं. किनाऱ्यावर फळ्यांचं कुंपण उभं करायचं. वाळू त्याला अडून साचली की फळ्या वर ओढायच्या, असं करत करत समुद्रापुढे एक बांध तयार होतो. १८०१ आणि १८१० सालच्या सरकारी हुकुमांनी या कामाला बळ दिलं. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यालगतची वाळू बरीचशी जागेवर बसली. ज्यांची घरं वाळूखाली जात होती, त्यांच्यासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता आणि तो सुटला. या यशाला मी मनापासून दाद देतो.

पण यशस्वी योजनेची एक खोड असते. तिला वाटतं, आपण इथे चाललो तर सगळीकडे चालू. किनाऱ्यावरचं औषध आतल्या माळाला द्यायचं ठरलं. शांब्रलाँ नावाच्या अभियंत्यानं १८४९च्या सुमारास स्वतः जमीन घेऊन दाखवून दिलं, की चर खणून पाणी काढलं तर माळावरही पाइन येतो. तिसऱ्या नेपोलियनला ही कल्पना फार आवडली. १९ जून १८५७ रोजी कायदा झाला. गावांनी आपल्या सामाईक जमिनीतलं पाणी काढावं आणि त्यावर झाडं लावावीत. ज्या गावांकडे पैसा नाही, तिथे सरकार काम करील आणि खर्च वसूल करील. गावांकडे पैसा कुठून असणार? बहुतेकांनी जमिनी विकल्या. विकत घेणारे बरेचसे शहरातले पैसेवाले. स्वतः सम्राटानं तिथे हजारो हेक्टरांची मालमत्ता उभी केली आणि तिला आपल्या एका विजयाचं नाव दिलं, सोल्फेरिनो. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडची राळ येईनाशी झाली, राळेचे भाव भडकले आणि पाइन म्हणजे सोन्याचं झाड झालं.

आणि मेंढपाळ? त्यांचं नाव योजनेत नव्हतंच. सामाईक माळ गेला, कळप घटत गेले, गेड्या अडगळीत पडल्या. काही जण राळ काढणारे मजूर झाले. झाडाला खाच पाडून मातीच्या लहान भांड्यात राळ जमवायची आणि मालकाला वाटा द्यायचा. कुणी गाव सोडलं. आणि कुणी रात्री जाऊन नव्या लागवडीला आगी लावल्या. कालपर्यंत जे अवजार होतं, ते आता गुन्हा झालं. आग तीच, काडी पेटवणारा हातही तोच, पण जमिनीची मालकी बदलल्याबरोबर त्या कृतीचं नाव बदललं. नीतिशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षं काल्पनिक उदाहरणं देत होतो. त्यांची काही गरज नव्हती.

लाबुएर गावात फेलिक्स आर्नोदां नावाचा एक माणूस होता, जन्म १८४४. त्यानं हा माळ नाहीसा होताना पाहिला आणि ठरवलं, की निदान टिपून तरी ठेवू. कॅमेरा घेऊन तो सायकलवरून हिंडला. मेंढपाळ, विहिरी, गोठे, म्हाताऱ्या बायका, रिकामं क्षितिज अशी ३ हजारांहून अधिक छायाचित्रं काढली. गास्कोन बोलीतली गाणी, कथा, म्हणी गोळा केल्या. गावकरी त्याला विक्षिप्त समजत. १९२१ साली तो वारला. आज त्या माळाची जी आठवण शिल्लक आहे, ती बरीचशी त्याच्यामुळे.

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं फ्रान्सचं. आपल्याला काय त्याचं? तर एक धागा सांगतो. फ्रान्समध्ये नान्सी इथे १८२४ पासून वनविद्येची शाळा होती. हिंदुस्थानच्या जंगलखात्यात नेमायचे तरुण ब्रिटिश अधिकारी १८६७ पासून जवळजवळ वीस वर्षं या शाळेत शिकायला पाठवले जात. जंगल म्हणजे आखणी, मोजणी आणि उत्पन्न, आणि गुरं-मेंढ्या म्हणजे जंगलाचे शत्रू, हा दृष्टिकोन त्या काळच्या युरोपातल्या वनविद्येचा, आणि तोच घेऊन ही मंडळी इकडे आली. १८७८चा जंगल कायदा आला तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेनं हरकत घेतली. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यानं चराऊ रानं गिळल्याचं गाऱ्हाणं मांडलं. आणि ठाणे-कुलाब्याकडे राब जाळण्यावरून इतका असंतोष झाला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. राब म्हणजे काय, हे इथे कोकणातले जे बसलेत त्यांना सांगायला नको. पाला-कवळं जाळून भाताचा तरवा करायची रीत. पुन्हा तेच! शेतकऱ्याच्या हातातली आग, अवजार की गुन्हा?

आपल्या किनाऱ्यावरचं सुरूचं बनही याच काळातलं. सुरू हे पाइन नव्हे, दिसायला तसं दिसतं इतकंच. ते मूळचं आपलंही नव्हे. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कारवारला १८६८ मध्ये त्याची लागवड झाली. आज काशीदला, दिवेआगरला सुरूच्या सावलीत तंबू ठोकून आपण म्हणतो, ‘वा, काय निसर्ग आहे!’ ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात यातली कितीतरी झाडं आडवी झाली, तेव्हा ती किती एका ठशाची होती हे कळलं.

आता तंबू. हौसेनं तंबूत राहणं ही गोष्ट फार जुनी नाही. मेंढपाळ, सैनिक, भटके लोक नाइलाजानं उघड्यावर राहत. त्याची सुट्टी झाली ती गेल्या सव्वाशे वर्षांत. १९०७ साली रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिणेला ब्राउनसी बेटावर मुलांचं शिबिर भरवलं आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. त्यांचे थोरले सावत्रभाऊ हिंदुस्थानात अधिकारी होते आणि रयतेचे जंगलावरचे हक्क हे हक्क नसून सवलती आहेत, अशा मताचे मोठे पुरस्कर्ते होते. एका भावानं मुलांना रानात राहायला शिकवलं, दुसऱ्यानं रानात राहणाऱ्यांना बाहेर ठेवण्याचा युक्तिवाद केला. एकाच घरातले दोघे. यावर मी भाष्य करत नाही.

फ्रान्समध्ये सामान्य माणसाच्या हाती तंबू आला तो १९३६ मध्ये. त्या जूनमध्ये पॉप्युलर फ्रंटच्या सरकारनं कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. लेओ लाग्राँज या तरुण मंत्र्यानं रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत मिळवून दिली. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, अशी कुटुंबं सायकलीवर तंबू बांधून किनाऱ्यावर पोचली. हॉटेल परवडत नाही, पण पाइनची सावली फुकट आहे. ही मला फार सुंदर घटना वाटते. ज्या माळावरून गरीब माणूस एकदा बाहेर पडला होता, त्यावरच्या जंगलात दुसरा गरीब माणूस पाहुणा म्हणून आला. पुढे गर्दी इतकी वाढली, की १९६७ मध्ये सरकारनं या किनाऱ्याच्या नियोजनासाठी खास यंत्रणा नेमली. कुठे वस्ती, कुठे मोकळं रान, कुठे तंबूंचे तळ, हे आखून दिलं.

आणि आता आग.

१९४९च्या ऑगस्टमध्ये, दुष्काळी उन्हाळ्यात, बोर्दोच्या दक्षिणेला आग लागली. युद्धाच्या वर्षांत जंगलाची निगा राहिली नव्हती. मेंढ्या खालचं गवत-झुडूप खात, त्या तर कधीच गेल्या होत्या. २० ऑगस्टला वारा फिरला आणि विझवायला गेलेले लोकच ज्वाळांत सापडले. गावकरी, अग्निशमन दलाचे लोक, कोवळे सैनिक असे ८२ जण गेले. सुमारे ५० हजार हेक्टर जळलं. त्यानंतर जंगलाची आखणी नव्यानं झाली. रुंद मोकळे पट्टे, टेहळणीचे मनोरे, पाण्याचे साठे, बंब जाऊ शकतील असे रस्ते.

तरी २०२२ आलंच. १२ जुलैला एकाच दिवशी दोन आगी लागल्या. लांदिरासला एक आणि ला तेस्तला दुसरी. दोन्ही मिळून २० हजार हेक्टरांहून जास्त जंगल गेलं. ला तेस्तची आग कशानं लागली? रस्त्यात बंद पडलेल्या एका गाडीनं पेट घेतला, इतकंच. जवळच पिलाचा प्रसिद्ध वाळूचा डोंगर आहे, शंभर मीटरहून उंच, युरोपातला सर्वांत उंच. त्याच्या पायथ्याशी पाच तंबूतळ होते. तिथून सुमारे ६ हजार लोकांना रात्री झोपेतून उठवून बाहेर काढलं. काही दिवसांनी ते तळ जळाले. तळांवरच्या त्या लोकांपैकी एकही जीव गेला नाही, कारण त्या रात्री कुणीतरी सामान आवरत बसण्याचा हट्ट करू दिला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला फार सोपी नीतिकथा सांगून घरी पाठवीन. ला तेस्तला जे जळलं, त्यात एक फार जुनं जंगल होतं. ते ब्रेमोंतिएच्या आधीचं, ओळीत न लावलेलं. १४६८ पासून तिथल्या रहिवाशांना त्यातून घरासाठी, होडीसाठी, चुलीसाठी लाकूड नेण्याचा हक्क होता. कागदावर मालक वेगळे, वापराचा हक्क गावाचा. म्हणजे मी आत्तापर्यंत ज्याची बाजू घेत होतो, ते सामाईक जंगल. तेही बहुतांश जळलं. गावाचं राखलेलं आणि सरकारनं आखलेलं, असा भेद आगीनं केला नाही. तेव्हा ‘योजना वाईट, परंपरा चांगली’ एवढं म्हणून चालणार नाही.

मग काय म्हणायचं? मला इतकंच म्हणायचं आहे, की कुठल्याही योजनेची परीक्षा तिच्यात काय आहे यावरून पूर्ण होत नाही. तिच्यात कुणाला धरलेलं नाही, हे बघावं लागतं. १८५७च्या योजनेत मेंढपाळ धरलेला नव्हता. तो गेला, आणि त्याच्याबरोबर माळाला आग कशी लावायची आणि कुठे थांबवायची याचं ज्ञानही गेलं. वगळलेला माणूस निघून जातो, पण तो जे काम करत होता ते काम तसंच पडून राहतं, आणि एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात आपल्याकडे हिशेब मागतं.

म्हणून पुतणीच्या यादीतून शेकोटी काढली. तिथे जंगलात विस्तव पेटवायला बंदी आहेच, पण केवळ बंदी आहे म्हणून पाळणं वेगळं आणि कारण कळून पाळणं वेगळं. तिला सांगितलं, की पाइनच्या सुयांचा थर आत धुमसत राहतो. वरून वाळू टाकली म्हणजे विझलं, असं नाही. लांदिरासला तर जमिनीखालचा कोळशासारखा थर आग विझल्यानंतरही महिनोन्‌महिने जळत होता. मग यादीत चार ओळी वाढवल्या. तंबू ठरवून दिलेल्या तळावरच. रोज सकाळी जंगल खुलं आहे की धोक्यामुळे बंद, हे विचारायचं. मुलांना पोहायला फक्त जीवरक्षक असलेल्या ठिकाणी न्यायचं, कारण तिथे ओहोटीत उथळ डबक्यांतलं पाणी समुद्राकडे ओढ घेतं. आणि रात्री बाहेर पडायची वाट मुलांना उजेडी दाखवून ठेवायची.

पाचवी ओळ माझी हौस. वाटेत लाबुएर जवळ थांबून, गेड्यांवरच्या त्या मेंढपाळाचं एखादं छायाचित्र मुलांना दाखव.

ती जाऊन आली. फोनवर तिला विचारलं, कणसांचं काय झालं? म्हणाली, “तळावरच्या स्वयंपाकघरात उकडली, काका. मीठ-लिंबू लावून. धाकट्याला एकच प्रश्न पडलाय, तो माणूस गेड्यांवरून खाली उतरल्यावर कुठे गेला?”

मुलगा सात वर्षांचा आहे. माझं दीड तासाचं व्याख्यान त्यानं एका प्रश्नात संपवलं. मीही इथेच थांबतो.